दिवा हलला की भिंत हलते: बायझंटाईन चर्चमधल्या उजेडाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा जे आज इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळले आणि जिथे "म्हणजे बघा" वीसेक वेळा म्हटलं, तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करते. बायझंटाईन चित्रं मला अजिबात आवडायची नाहीत. मोबाईलवर जेवढी पाहिली तेवढी सगळी एकसारखी वाटायची. मागे सपाट सोनेरी रंग, पुढे मोठ्या डोळ्यांची, लांब नाकाची, गंभीर माणसं. ना सावली, ना खोली. लग्नपत्रिकेवर सोनेरी शाई फासतात ना, तसं काहीतरी. आणि असं वाटणारी मी काही पहिली नाही. जॉर्जो वासारी नावाच्या इटालियन चित्रकाराने १५५० मध्ये कलाकारांच्या चरित्रांचं एक मोठं पुस्तक छापलं. या जुन्या 'ग्रीक पद्धती'ला त्यानेही ओबडधोबड ठरवून टाकलं होतं. त्याचं मत पुढे शेकडो वर्षं चाललं.

मग एकदा घरी लाईट गेले. आईची पैठणी कपाटात ठेवायची राहिली होती, म्हणून मेणबत्ती लावून घडी घालत होते. पदर जरासा हलला आणि जर अक्षरशः पेटली. दुसऱ्या बाजूला वळवला तर तीच जर काळी. परत वळवला, परत आग. ट्यूबलाईटखाली हाच पदर नुसता पिवळा दिसतो. तेव्हा लाईट गेलेले असूनही माझ्या डोक्यातली ट्यूब पेटली! मी ज्या चित्रांना सपाट म्हणत होते, ती मी कायम 'ट्यूबलाईटखाली' पाहिली होती. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत, सरळ समोरून, आणि तेही मोबाईलच्या काचेवर.

आजचा सगळा भाग याच एका गोष्टीवर आहे. बायझंटाईन कारागीर उजेडाचं चित्र काढत नव्हते. ते खरा उजेड वापरत होते, जसा आपण रंग किंवा दगड वापरतो तसा.

बायझंटाईन म्हणजे कोण, हे दोन वाक्यांत सांगते. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग, राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. ३३० साली ती राजधानी झाली आणि १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी जिंकली. ही माणसं स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणायची. 'बायझंटाईन' हे नाव आपण नंतर चिकटवलंय.

आता त्या सोन्याकडे येऊ. एका श्रोत्याने मेसेज करून विचारलं होतं, "ते सोनं खरं असतं का?" हो, खरंच असतं, पण अगदी थोडं. आधी जाड काचेचा तुकडा. त्यावर केसापेक्षा कितीतरी पातळ असा सोन्याचा वर्ख. आणि त्यावर पुन्हा काचेचा पातळसा थर. म्हणजे सोनं काचेच्या सँडविचमध्ये बंद! धूर, ओल, हात, काहीच त्याला लागत नाही. अशा पत्र्याचे नखाएवढे, कधी त्याहून लहान, चौकोनी तुकडे कापायचे आणि भिंतीवरच्या ओल्या चुन्यात एकेक करून दाबायचे. हे मोझॅइक.

खरी गंमत या दाबण्यात आहे. आपण बाथरूमच्या टाईल्स कशा लावतो? एकदम सपाट, लेव्हल लावून. मिस्त्रीने एक टाईल तिरकी लावली तर आपण त्याला धारेवर धरतो. बायझंटाईन मिस्त्री मात्र मुद्दाम प्रत्येक तुकडा जरासा वेगळ्या कोनात बसवायचे. उंच भिंतीवर असेल तर तुकडे खाली, बघणाऱ्याच्या दिशेने झुकवायचे. त्यामुळे एका जागी उभं राहिलं तर काही तुकडे लखलखतात आणि शेजारचे विझलेले दिसतात. दोन पावलं चाललं की उलट. काही ठिकाणी सोन्यात चांदीचे तुकडेही मिसळलेले सापडतात, म्हणजे चमक एकसुरी होत नाही. भिंत सतत हलते, आणि तिला हलवणारे तुम्ही असता. तुमची पावलं, ढगाआड जाणारा सूर्य, वाऱ्याने थरथरणारी ज्योत. फोटोत हे सगळं गोठतं. म्हणून फोटोत जे उरतं ते लग्नपत्रिकेसारखं दिसतं.

अजून एक गोष्ट. ही मोझॅइकं बहुतेक वेळा वाकड्या पृष्ठभागावर असतात. घुमट, कमानी, कोनाडे. ग्रीसमधल्या अथेन्सजवळच्या डाफ्नी मठात अकराव्या शतकाच्या शेवटी केलेलं एक मोझॅइक आहे. देवदूत गॅब्रिएल मरियेला येशूच्या जन्माची बातमी सांगतोय, असा प्रसंग. तो घुमटाच्या खालच्या खोलगट कोपऱ्यात आहे. देवदूत त्या खोलीच्या एका बाजूला, मरिया दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये नुसतं रिकामं सोनं. सपाट फोटोत दोघं शेजारी-शेजारी उभे दिसतात. प्रत्यक्षात मात्र मधली खरी हवा ओलांडून दोघं समोरासमोर असतात आणि त्या हवेत सोन्यावरून उसळलेला उजेड भरलेला असतो. म्हणजे मी ज्याला 'चित्रात खोली नाही' म्हणत होते, ती खोली चित्राच्या आत नव्हतीच. ती चित्राच्या पुढे होती, जिथे आपण उभे राहतो तिथे!

आता सगळ्यात मोठं उदाहरण: हागिया सोफिया. ५३२ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपलमध्ये भयंकर दंगल झाली, रथांच्या शर्यतींवरून पेटलेली, आणि त्यात जुनं चर्च जळून गेलं. सम्राट जस्टिनियनने लगेच नवं बांधायला घेतलं आणि डिसेंबर ५३७ मध्ये उद्घाटनसुद्धा झालं. सहा वर्षंही लागली नाहीत! (आमच्याकडचा उड्डाणपूल... जाऊ दे.)

त्याने काम कोणाला दिलं ते बघा. अँथेमियस आणि इसिडोर. दोघं नेहमीचे गवंडी नव्हते, भूमिती आणि गणिताची माणसं होती. अँथेमियसच्या एका ग्रंथाचा काही भाग आजही उपलब्ध आहे आणि त्याचा विषय आहे आरसे. त्यातला एक प्रश्न असा: सूर्य दिवसभर सरकतो, ऋतूंप्रमाणे खाली-वर होतो, तरीही त्याचा किरण कायम एकाच ठरलेल्या जागी कसा पाडायचा? ज्या माणसाच्या डोक्यात असले प्रश्न घोळतात, त्याच्या हातात साम्राज्यातलं सगळ्यात मोठं चर्च दिलं गेलं. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

या इमारतीचा घुमट सुमारे ३१ मीटर रुंद आणि जमिनीपासून साधारण ५५ मीटर उंच आहे. त्याच्या तळाशी गोलाकार ४० खिडक्या. आता थोडं इंजिनिअरिंग. विटांचा घुमट स्वतःच्या वजनाने खालच्या कडेला बाहेर फाकायला बघतो. भेगा पडायच्या तर तिथेच पडतात. आणि नेमक्या त्याच जागी यांनी ओळीने खिडक्या ठेवल्या. का? तर बाहेरून ऊन आलं की त्या खिडक्या इतक्या झगझगतात की त्यांच्या मधले विटांचे खांब डोळ्यांना दिसेनासे होतात. उजेडाचं एक कडं दिसतं आणि त्यावर, खाली कसलाच आधार नसल्यासारखा, एवढा अजस्र घुमट तरंगतो.

प्रोकोपियस हा त्या काळातला इतिहासकार. त्याने ही इमारत स्वतः पाहिली आणि लिहिलं, त्याचा आशय असा: घुमट विटांवर टेकलाय असं वाटतच नाही, तो स्वर्गातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा वाटतो, आणि उजेड बाहेरच्या सूर्यातून येतोय असं वाटण्याऐवजी आतच कुठेतरी तयार होतोय असं वाटतं. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. हे वातावरण अपघाताने तयार झालेलं नाही. खिडक्यांतून आलेलं ऊन संगमरवरी फरशीवर, गुळगुळीत भिंतींवर, मग सोन्यावर आपटत-आपटत वर जातं. खिडक्यांच्या खालच्या कडासुद्धा उजेड वर घुमटात फेकण्यासाठी योजल्या होत्या, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. थेट झोत कमी, परतलेला उजेड जास्त. त्यामुळे उगम कुठे आहे ते कळत नाही.

आणि ज्याचा उगम कळत नाही असा उजेड म्हणजे काय, हे त्या काळच्या भाविकाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो, आणि संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी म्हणायचं स्तोत्रही प्रकाशाचंच होतं. शब्द त्यांना माहीत होते. इमारतीने तेच शब्द त्यांच्या अंगावर पाडले, एवढंच.

या हट्टाची किंमतही मोजावी लागली. पहिला घुमट फारच चपटा होता. भूकंपांनी तो खिळखिळा झाला आणि ५५८ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला. दुरुस्ती करायला आला तो इसिडोरचा पुतण्या, त्याचंही नाव इसिडोर. त्याने घुमट सहा-सात मीटरने उंच केला म्हणजे भार सरळ खाली जाईल. आता विचार करा, छत एकदा पडलंय, भूकंपाचा प्रदेश आहे. तुम्ही-मी असतो तर म्हटलं असतं, बाबा रे, आधी त्या खिडक्या बुजव! पण त्याने खिडक्यांचं कडं तसंच ठेवलं. पुढे शेकडो वर्षांत बाहेरून धीरासारख्या जाडजूड भिंती उभारल्या गेल्या, इतरत्र काही खिडक्या बुजल्या किंवा लहान झाल्या. म्हणजे आज आत जो उजेड दिसतो तो जस्टिनियनच्या वेळेपेक्षा कमीच आहे.

ही दिवसाची गोष्ट झाली. रात्री काय? ५६२ च्या शेवटी हागिया सोफिया पुन्हा उघडली, तेव्हा पॉल नावाच्या दरबाऱ्याने तिच्यावर एक लांबलचक काव्य रचलं. त्यात दिव्यांचं वर्णन इतकं बारकाईने येतं की वाचून आश्चर्य वाटतं. घुमटाच्या कडेपासून लांब साखळ्या सोडलेल्या, त्यांना चांदीच्या तबकड्या टांगलेल्या, आणि तबकड्यांना भोकं पाडून त्यात काचेचे दिवे बसवलेले. दिव्यात खाली पाणी, वर तेल, मध्ये वात. समुद्रावरच्या खलाशांना या चर्चच्या उजेडाने वाट सापडते, असंही तो सांगतो. अशा चांदीच्या तबकड्या प्रत्यक्ष सापडल्याही आहेत. तुर्कस्तानात कुमलुजाजवळ सहाव्या शतकातला चर्चच्या चांदीच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, त्यात त्या आहेत.

यातली एक प्रथा अजून जिवंत आहे. ग्रीसमधल्या अॅथोस पर्वतावर ऑर्थोडॉक्स मठ आहेत. तिथे घुमटाखाली एक प्रचंड धातूचं कडं टांगलेलं असतं, मेणबत्त्यांनी भरलेलं. मोठ्या सणाच्या रात्री, रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनेत, भिक्षू लांब काठीने ते ढकलून झुलवतात. सगळ्या ज्योती एकदम झुलायला लागतात, आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरचे संत. पैठणीचा पदर आठवा आणि तो चर्चएवढा मोठा करा. मला हे प्रत्यक्ष बघता येणार नाही, कारण अॅथोसवर बायकांना प्रवेशच नाही. माझ्या पुरुष श्रोत्यांनो, कोणी जाऊन आलात तर निदान व्हॉइस नोट तरी पाठवा.

इथपर्यंत मला वाटत होतं की सगळं सरळ आहे: उजेड म्हणजे देव, अंधार म्हणजे देव नाही. मग मी सिनायचं मोझॅइक पाहिलं आणि गाडी घसरली.

इजिप्तच्या सिनाय वाळवंटात सेंट कॅथरीनचा मठ आहे, तोही जस्टिनियनच्याच काळातला. त्याच्या चर्चच्या पूर्वेकडच्या अर्धगोल भिंतीवर, वेदीच्या वर, येशूच्या रूपांतराचा प्रसंग आहे. येशू शिष्यांना घेऊन डोंगरावर जातो आणि तिथे त्याचं रूप सूर्यासारखं तेजस्वी होतं, ती कथा. येशूभोवती प्रभावळ आहे, बदामाच्या आकाराची. आता तुम्ही-आम्ही रंगवली असती तर मध्ये सगळ्यात उजळ आणि कडेला फिकी होत गेलेली. इथे उलट आहे! निळ्या छटांचे पट्टे आहेत आणि आत, येशूच्या अंगाजवळ, सगळ्यात गडद निळा. प्रकाशाच्या मध्यभागी अंधार. त्यातून फिकट किरण बाहेर पडतात आणि शिष्य लोळण घेतायत.

ही चूक नाही. त्या परंपरेतले विचारवंत, उदाहरणार्थ चौथ्या शतकातला ग्रेगरी ऑफ निस्सा, म्हणतात की मोशेचा देवाकडचा प्रवास उजेडापासून सुरू होतो, मग ढग लागतो आणि शेवटी अंधार. जितकं जवळ जाल तितकं तुमच्या बुद्धीला कमी दिसेल. भर दुपारी सूर्याकडे पाहिलं की डोळ्यांपुढे काळं येतं, तसं. आणि हे मोझॅइक आहे कुठे? सिनायवर, जिथे मोशे देवाला भेटला असं मानतात तिथे. मोझॅइकच्या वरच भिंतीत जोडखिडकी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोशेच दाखवलाय. खरा सूर्य तिथून आत येतो.

हा प्रश्न नुसता चित्रकारांचा राहिला नाही, त्यावरून माणसं तुरुंगातही गेली. चौदाव्या शतकात अॅथोसचे काही भिक्षू म्हणायला लागले की दीर्घ, शांत प्रार्थनेत आम्हाला प्रकाश दिसतो, आणि तो तोच आहे जो शिष्यांना डोंगरावर दिसला. बार्लाम नावाच्या विद्वान भिक्षूने त्यांची खिल्ली उडवली. मान खाली घालून बसतात म्हणून त्यांना 'बेंबीत आत्मा असलेले' म्हटलं. त्याचा मुद्दा तसा बिनतोड वाटतो: देव दिसू शकत नाही, मग जे दिसलं ते एक तर साधा उजेड किंवा भास. भिक्षूंच्या बाजूने उभा राहिला ग्रेगरी पालामास. तो म्हणाला, देवाचं मूळ स्वरूप कधीच कळणार नाही हे खरं, पण त्याची शक्ती आपल्यापर्यंत पोचते, आणि तो प्रकाश ही ती शक्ती आहे. निर्माण केलेली वस्तू नव्हे. माझ्या भाषेत सांगायचं तर सूर्याला हात लावता येत नाही, पण ऊन मात्र अंगावर येतं. १३४१ मध्ये धर्मसभेने भिक्षूंची बाजू घेतली, पण मग यादवी युद्धात पालामास काही वर्षं तुरुंगात होता, आणि १३५१ च्या सभेत त्याचं मत कायमचं मान्य झालं. त्या सभेचं अध्यक्षस्थान ज्या सम्राटाकडे होतं तो सहावा जॉन कांटाकुझेनोस, पुढे गादी सोडून स्वतःच भिक्षू झाला. त्याच्यासाठी केलेलं एक हस्तलिखित आज पॅरिसमध्ये आहे. त्यात हाच रूपांतराचा प्रसंग आहे. प्रभावळ आता टोकदार चांदणीसारखी झालीय आणि शिष्य अक्षरशः डोक्यावर आपटलेत.

याआधी, आठव्या-नवव्या शतकांत, मूर्ती-चित्रं असावीत की नसावीत यावरून साम्राज्यात मोठा संघर्ष झाला होता. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, पण एकच गोष्ट सांगते. ७४० च्या भूकंपानंतर हागिया आयरिनी हे चर्च चित्रविरोधी सम्राटाच्या काळात दुरुस्त झालं. तिथल्या वेदीमागच्या भिंतीवर ना येशू आहे, ना मरिया. फक्त एक काळ्या रेषेतला क्रूस, आणि मागे सगळं सोनं. माणसांची चित्रं नको म्हणणाऱ्यांनाही उजेड हवाच होता!

लाकडी फळीवरच्या चित्रांचं, म्हणजे आयकॉनचं, तंत्रही याच वळणाचं आहे. चेहरा रंगवताना आधी सगळीकडे गडद हिरवट-तपकिरी थर देतात आणि मग एकावर एक उजळ थर चढवत नेतात. सावल्या घालत नाहीत, उजेड घालतात. रशियन आयकॉन चित्रकार तर मागच्या मोकळ्या जागेला 'पार्श्वभूमी' म्हणतच नाहीत. त्यांचा शब्द आहे 'स्वेत', म्हणजे प्रकाश.

आता, बघायचं असेल तर काय करायचं? हागिया सोफिया १४५३ नंतर मशीद झाली, १९३०च्या दशकात संग्रहालय झालं, आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. वेदीच्या जागेवरचं ८६७ सालचं मरियेचं मोझॅइक नमाजासाठी पांढऱ्या पडद्यांनी झाकतात. परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात जाता येतं, आणि तिथे मला सगळ्यात जास्त बघायचंय ते मोझॅइक आहे. मध्ये येशू, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान. बहुधा १२६१ नंतरचं, जेव्हा बायझंटाईन लोकांनी आपलं शहर परत मिळवलं. खालचा बराच भाग गेलाय, चेहरे शाबूत आहेत. डाव्या हाताला खरी खिडकी आहे, आणि चेहऱ्यांवरची छटा त्या खिडकीतून ऊन येतंय असं धरूनच केलेली आहे. मागचं सोनंही सरळ रांगेत नाही, छोट्या शिंपल्यांसारख्या नक्षीत लावलंय.

तिथे पोचलात तर पहिली पाच मिनिटं मोबाईल खिशात ठेवा. मोझॅइकसमोर डावीकडून उजवीकडे हळूहळू चाला, मग परत या. खिडकीच्या आड उभे राहू नका, तुमचीच सावली पडेल. आणि इस्तंबूल लांब असेल तर रात्री दिवे घालवून, एक पणती लावून, आईच्या परवानगीने पैठणी काढा. पणती जरा लांबच ठेवा. पदर जळला तर मला सांगू नका.

भेटू पुढच्या भागात!